मीटर नव्हे, आधी तेल पाहा



बल्लारपूरच्या एका वाचक बंधूंचे पत्र आमच्यासमोर आहे. कोळसा खाणीत तीस वर्षे काढून ते निवृत्त झाले. डावा गुडघा खाणीतच निकामी झाला, आता तो पुरता वाकत नाही. पत्नीला दर महिन्याला तपासणीसाठी नागपूरला न्यावे लागते. एसटीत चढता-उतरताना दोघांचेही हाल होतात आणि भाड्याची गाडी एका फेरीचे पाच हजार मागते. डाव्या पायाने क्लच दाबवत नाही, म्हणून त्यांना ऑटोमॅटिक गाडी हवी आहे. हाती तीन लाख रुपये आहेत. ग्रॅच्युइटीतून धाकट्या मुलीच्या शिक्षणाचे बाजूला काढल्यावर उरलेले हे पैसे. एवढ्यात नवी ऑटोमॅटिक येत नाही. एका दलालाने १ लाख १० हजार किलोमीटर चाललेली गाडी दाखवली आहे. ते विचारतात, "इतकी चाललेली ऑटोमॅटिक टिकेल काय? गिअर बॉक्स गेला तर आम्ही कोणाच्या दारात जावे?"

प्रश्न एका घरचा आहे, पण तो आज आपल्या पुष्कळ घरांत विचारला जातो. वीज केंद्राच्या, खाणीच्या, सिमेंट कारखान्याच्या वसाहतींत आता दारोदारी जुनी चारचाकी दिसते. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र श्रीमंताचा गिअर बॉक्स गेला तर तो गाडी बदलतो, आपला गेला तर मुलीची फी जाते. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

आमच्या घरचा धडा

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आमची फजिती सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या मेहुण्यांनी एका व्यापाऱ्याकडून जुनी ऑटोमॅटिक घेतली. पाहायला आम्हीही सोबत होतो. आम्ही काय पाहिले? रंग, सीटची कव्हरे, टायर आणि मीटर. मीटरवर ६२ हजार होते. "भाऊ, गाडी तं लोण्यावानी चालते," असे व्यापारी म्हणाला आणि ती खरोखरच तशी चालली. पतसंस्थेचे कर्ज काढून मेहुण्यांनी पैसे मोजले.

मे महिन्यात एका मंगल परिणयासाठी आम्ही सारे अहेरीला निघालो. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला आणि आलापल्लीच्या रस्त्याला लागलो. पुढे-मागे खनिजाचे ट्रक, रस्ता उखडलेला, गाडी मुंगीच्या चालीने चाललेली. तासाभराने समोरचा दिवा लुकलुकू लागला, एक धक्का बसला आणि गाडी उभी राहिली. इंजिन चालू, ॲक्सिलरेटर दाबला की आवाज मोठा होई, पण चाक हलेना. सायंकाळ, सागाचे जंगल, सोबत बायका आणि लेकरे. जवळच्या गावातील लोकांनी अंगणात बाजा टाकून दिल्या, पाणी दिले. गाडी उचलून नेणारा ट्रक चंद्रपूरहून दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

नागपूरच्या कारागिराने जो खर्च सांगितला तो गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. त्याने सर्व्हिसची जुनी नोंदही काढून दाखवली. गाडी आमच्याकडे येण्याच्या दीड वर्ष आधीच तिचे मीटर १ लाख १८ हजारांवर होते! "घेताना ही नोंद का नाही पाहिली?" असे त्याने विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. गाडी आहे तशी पडत्या भावाने विकली, कर्जाचे हप्ते मात्र मेहुणे पुढे दोन वर्षे फेडत होते.

त्या दिवसापासून आम्ही एक गोष्ट शिकलो. मीटर मागे फिरवता येते, गिअर बॉक्सचे तेल मागे फिरवता येत नाही.

ऑटोमॅटिक म्हणजे एकच नव्हे

"ऑटोमॅटिक टिकते काय?" हा प्रश्नच अपुरा आहे. आपल्या बाजारात जुन्या ऑटोमॅटिक चार जातींच्या मिळतात. चारींचे पोट वेगळे, आजार वेगळे आणि औषधाचा खर्चही वेगळा. म्हणून दलालाला पहिला प्रश्न किलोमीटरचा नव्हे, जातीचा विचारावा. माणसाची जात विचारणे वाईट, पण गिअर बॉक्सची विचारलीच पाहिजे!

पहिली ए.एम.टी. मारुतीने २०१४ साली सेलेरिओ गाडीत ही आणली आणि स्वस्त ऑटोमॅटिकचे दार उघडले. पुढे अल्टो के-टेन, वॅगन-आर, क्विड, टियागो, सँट्रो अशा गाड्यांतही ती आली. मारुतीवाले तिला ए.जी.एस. म्हणतात. ही आतून साध्या गाडीसारखीच असते. तोच गिअर बॉक्स, तीच क्लच प्लेट. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम आपल्याऐवजी एक यंत्र करते. त्याला ॲक्चुएटर म्हणतात. गिअर बदलताना गाडी थोडी मान डोलावते, तो तिचा स्वभाव आहे, आजार नव्हे. क्लच प्लेट मात्र झिजते आणि कधी ॲक्चुएटर बिघडतो. क्लच बदलणे आपल्याकडच्या मेस्त्रीला जमते. बदलल्यावर कॉम्प्युटर लावून यंत्राला नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते, एवढेच. ते न करताच गाडी सोडणारा मेस्त्री अर्धेच काम करतो.

दुसरी टॉर्क कन्व्हर्टरची. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल असते. जुनी आय-टेन, सियाझ, अर्टिगा यांच्या ऑटोमॅटिक या प्रकारच्या. ही सर्वांत जुनी आणि मुरलेली रचना आहे. पेट्रोल थोडे जास्त पिते, पण तेल वेळेवर बदलले असेल तर लाख-दीड लाख किलोमीटर हा तिला मोठा आकडा नाही.

तिसरी सी.व्ही.टी. हिच्यात ठरावीक गिअर नसतात. पिठाच्या गिरणीत दोन चाकांवरून पट्टा फिरतो तसा पोलादी पट्टा दोन पुल्यांवर फिरतो आणि पुल्या लहान-मोठ्या होतात. २०१४ पासूनची होंडा सिटी, तिच्या मागून आलेली जॅझ आणि २०१५ ते २०२२ या काळातील बलेनो यांत ही मिळते. चाल अतिशय मऊ. पण हिचा सारा जीव तेलात आहे. तेलही तिचे स्वतःचेच लागते. दुसरे कुठलेही ओतले की पट्टा घसरतो, पुलीवर चरे पडतात. एकदा चरे पडले की डागडुजीने भागत नाही, बहुधा पूर्ण बॉक्सच बदलावा लागतो.

चौथी ड्युअल क्लच. एक क्लच एक-तीन-पाच या गिअरांचा, दुसरा दोन-चार-सहाचा. गिअर डोळ्याचे पाते लवते तोच पडतो. पण रचना नाजूक, कॉम्प्युटरवर चालणारी आणि महाग. यातील कोरड्या क्लचच्या जातीने जगभर लोकांना रडवले आहे. २०१३ च्या नोव्हेंबरात फोक्सवॅगनने सात गिअरच्या अशा बॉक्समधील तेलाच्या आणि विजेच्या दोषासाठी जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअर बॉक्सबद्दल तक्रार करणाऱ्या ग्राहकांना नीट वागवले नाही म्हणून ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०१८ साली त्या कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. आपल्या देशात फिएस्टा आणि सुरुवातीच्या इकोस्पोर्टच्या काही पेट्रोल गाड्यांत ड्युअल क्लच होता. फोर्डने २०२१ साली भारतात गाड्या बनवणे थांबवण्याचे जाहीर केले. अशी प्रत्येक गाडी वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण हिच्या मेंदूचा खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो. "दादा, एवढी मोठी गाडी एवढ्या कमी पैशांत!" असे दलाल म्हणतो तेव्हा ती कमी का, याचे उत्तर बहुधा इथे असते.

आपला मुलूख आणि आपली गाडी

पुण्या-मुंबईचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. गिअर बॉक्सचे तेल उष्णतेनेच म्हातारे होते. त्यात घुग्घुसकडे कोळशाची धूळ, ट्रकांच्या रांगेमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणे, रेल्वे फाटकावर एसी लावून थांबणे. अशा ठिकाणी चाललेले ५० हजार किलोमीटर नागपूरच्या सरळ रस्त्यावर चाललेल्या १ लाखाहून जड असतात. म्हणून किती चालली यासोबत कुठे चालली हेही विचारावे.

दुसरी गोष्ट कारागिराची. साध्या गिअर बॉक्सचा मेस्त्री मूल, चामोर्शी, आरमोरीलाही मिळतो. ड्युअल क्लच किंवा सी.व्ही.टी. उघडणारा शोधायला बहुधा नागपूर गाठावे लागते. सिरोंचा, भामरागड, एटापल्लीच्या बंधूंनी तर गाडीच्या किमतीत ती नागपूरला उचलून नेण्याचा खर्चही आधीच धरावा.

तिसरी गोष्ट पाण्याची. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेला महापूर आपण विसरलेलो नाही. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली जाते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या, गालिच्याखालचा पत्रा आणि स्टेपनीचा खड्डा पाहा. तिथे गंज किंवा वाळलेला गाळ दिसला तर तेथूनच मागे फिरा. गिअर बॉक्सचे तेल दुधी दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. हे पाणी पुराचे असते किंवा फुटलेल्या रेडिएटरमधले. दोन्ही वाईटच.

तपासणी अशी करा

सर्व्हिसची नोंद आधी मागा. कंपनीच्या केंद्रात गाडीच्या नंबरवर जुन्या नोंदी असतात, मालकाला सोबत नेऊन त्या पाहा. तारीख पुढे आणि किलोमीटर मागे असे दिसले की प्रश्नच मिटला. ब्रेकच्या पॅडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचे कातडे झिजून चकाकलेले आणि मीटरवर मात्र ४० हजार, हेही जुळत नाही.

मग तेल पाहा. पुष्कळ गाड्यांत गिअर बॉक्सचे तेल मोजायची काडी नसते, म्हणून गाडी गॅरेजात वर उचलून थोडे तेल काढावे लागते. पांढऱ्या कागदावर थेंब टाका. टॉर्क कन्व्हर्टरचे तेल लालसर आणि स्वच्छ असेल तर उत्तम. काळपट, करपल्या वासाचे असेल तर आतील क्लच जळत आहेत. सी.व्ही.टी.च्या तेलाचा रंग कंपनीगणिक निराळा असतो, करपट वास मात्र सर्वत्र वाईटच. "हे आयुष्यभराचे तेल आहे, बदलावे लागत नाही," असे कोणी सांगितले तर आयुष्य कोणाचे, गाडीचे की पहिल्या मालकाचे, हे विचारा. आपल्याकडच्या उन्हात टॉर्क कन्व्हर्टर आणि सी.व्ही.टी.चे तेल साधारण ४० ते ६० हजार किलोमीटरला बदललेले बरे. बदलल्याचे बिल नसेल तर बदललेच नाही असे समजून किंमत करा.

गाडी थंड असताना पाहायला जा. मालकाला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. बॉनेटला हात लावा. गरम लागले तर काहीतरी लपवले जात आहे. सुरू केल्यावर ब्रेक दाबून आधी रिव्हर्स, मग ड्राइव्ह टाका. गाडीने क्षणभरात पकड घेतली पाहिजे. दोन-तीन सेकंद लागले किंवा खाडकन धक्का बसला तर आत झीज आहे.

नंतर लांब फेरी मारा. चंद्रपूरहून भद्रावतीपर्यंत जाऊन या. चौकापर्यंतच्या फेरीत काही कळत नाही, कारण गिअर बॉक्सचे बरेच आजार तेल तापल्यावरच बाहेर पडतात. इंजिनाचा काटा वर चढतो पण वेग वाढत नाही, हे घसरण्याचे लक्षण. सी.व्ही.टी. रडल्यासारखा बारीक आवाज करते काय, हे काचा बंद करून ऐका. ड्युअल क्लच पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना थरथरते काय ते पाहा. ए.एम.टी.साठी उड्डाणपुलाच्या चढावर मागे कोणी नसताना थांबून पुन्हा निघा. थरथर आणि जळका वास आला तर क्लच संपत आला आहे.

शेवटी कॉम्प्युटर लावून दोषांची नोंद काढून घ्या. ती नुकतीच पुसली असेल तर जाणता कारागीर बहुधा ओळखतो. या साऱ्याला हजार-दोन हजार रुपये लागतील. मालक तपासणीला नाही म्हणाला तर तुमचे तेवढेही पैसे वाचले असे समजा.

कागदही तितकेच महत्त्वाचे

राजुरा आणि सिरोंचाकडे तेलंगणातील गाड्या स्वस्त मिळतात. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो, तेथील आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि इथला करही भरावा लागतो. हा हिशेब मिळवला की स्वस्ताई पुष्कळदा विरून जाते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी आपली झाली असे नव्हे. घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.कडे कळवून नाव चढवून घ्यायचे असते आणि विमा आपल्या नावे करण्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज द्यायचा असतो. गाडीच्या पहिल्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते, ती किती उरली तेही पाहा.

आणखी एक गैरसमज. "विमा आहे, गिअर बॉक्सचे पाहून घेऊ," असे कोणी समजू नये. साधा विमा अपघाताचा असतो. झिजून किंवा आपोआप बिघडलेल्या यंत्राचे पैसे तो देत नाही.

घेतल्यावर

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ड्राइव्हवरून रिव्हर्स टाकू नका. ए.एम.टी. चढावर ॲक्सिलरेटरने तोलून धरू नका, क्लच जळतो. हँडब्रेक लावा. फाटकावर थांबलात तर न्यूट्रल करून हँडब्रेक ओढा. आणि गाडी जंगलात बंद पडलीच तर ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करण्याची घाई करू नका. टॉर्क कन्व्हर्टर आणि सी.व्ही.टी.मध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती, म्हणजे आतले भाग कोरडे घासले जातात. इंजिनाचा जोर ज्या चाकांना मिळतो ती उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी.

आता त्या बंधूंचे उत्तर

आम्ही त्यांना उलट विचारले, गाडी कोणत्या जातीची? लहान ए.एम.टी. निघाली. आमच्या सांगण्यावरून त्यांच्या मुलीने सर्व्हिसच्या नोंदी काढल्या. किलोमीटर जुळतात, ८४ हजारांवर क्लच बदलल्याचे बिल आहे. बापाला जे दलालाने सांगितले नाही ते लेकीने एका दुपारी शोधून काढले! तेव्हा आमचे मत असे की १ लाख १० हजार हा आकडा पाहून भिण्याचे कारण नाही. चढावरची चाचणी आणि कॉम्प्युटरची तपासणी नीट उतरली तर गाडी घ्यावी. पण तीन लाखांना नव्हे. दोन लाख तीस-चाळीस हजारांपुढे जाऊ नये. उरलेल्यातून तेल, टायर आणि कागदपत्रे करून निदान चाळीस हजार रुपये गिअर बॉक्सच्या नावाने पासबुकात वेगळे ठेवावेत. ते घरच्या कुठल्याही समारंभाला हात लावू नये असे. तेवढे मागे उरत नसतील तर गाडी आपल्या ऐपतीची नाही.

एक खरे बोलणेही भाग आहे. महिन्याच्या एका फेरीसाठी घेतलेली गाडी पैसे वाचवत नाही. भाड्याचे पाच हजार वाचले तरी पेट्रोल-टोलचे दोन हजार जातात, आणि उरलेल्यातले पुष्कळसे विमा, सर्व्हिस, टायर खातात. पण मध्यरात्री पत्नीची तब्येत बिघडली तर कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही, याची किंमत त्या घरानेच ठरवायची आहे.

गुडघ्याचा दोष आर.टी.ओ.पासून लपवू नये. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून परवाना रीतसर करून घ्यावा. आणि मुलीनेही ती गाडी शिकून घ्यावी. क्लच नसलेली गाडी लवकर हाती येते. बापाचा गुडघा दुखेल त्या दिवशी आईला नागपूरला नेणारे कोणी तरी घरातच असले पाहिजे.

कळावे.